मागच्या चाकाचा आउट सारखा येतोय: दुरुस्ती करायची की चाक बदलायचं?

आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढून आणला, आठवडाभर चाक नीट फिरलं, आणि पुन्हा ब्रेकचं रबर एका जागी घासायला लागलं. परत दुकान, परत तीच स्पोकची चावी, परत तेवढेच पैसे. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणतो, "आता चाकच बदला, साहेब." घरी येताना डोक्यात एकच प्रश्न असतो: याला चाक खपवायचंय, की चाक खरंच गेलंय? पुण्यात ही तक्रार पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जास्त ऐकू येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रिंग, स्पोक आणि हब (चाकाच्या मध्यातला, दांड्याभोवती छर्र्यांवर फिरणारा भाग) मिळून चाक होतं, आणि या तीन वस्तू सहसा एकदम जात नाहीत. स्पोक गेले असतील तर दुरुस्ती करा. रिंग गेली असेल तर आउट काढण्यावर एक रुपयाही घालू नका. हब गेला असेल तर चाकाची किंमत बघून ठरवा. आणि रिंग धड असूनही आउट पुन्हा पुन्हा येत असेल, तर मागच्या वेळी तो पुरता निघालाच नव्हता असं समजा.

आधी नक्की काय डुलतंय ते बघा

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. चाक हाताने फिरवा, पण टायरकडे बघू नका. रिंगची कड आणि ब्रेकचं रबर यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवा. टायर डुलताना दिसला म्हणून दुकान गाठणारे बरेच असतात. टायरची कड व्हॉल्व्हपाशी नीट बसलेली नसली, किंवा टायरचं आतलं कापड फाटून त्याला फुगा आला असला, तर रिंग सरळ असूनही चाक वेडंवाकडं फिरल्यासारखं दिसतं. कड बसली नसेल तर हवा सोडून टायर पुन्हा बसवा. फुगा असेल तर टायर बदला, आणि तो बदलेपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

मग चाक थांबवा, रिंग ब्रेकजवळ चिमटीत धरा आणि डावीउजवीकडे हलवून बघा. खटखट लागली तर दोष हबमध्ये आहे, कोन (छर्रे जागी धरणारा निमुळता नट) सैल झालाय. अशा चाकाचा आउट किती वेळा काढला तरी ब्रेक घासणारच, कारण अख्खं चाक अ‍ॅक्सलवर डुलतंय. हे काम पातळ पान्याचं आहे, स्पोकच्या चावीचं नाही. वाईट याचं वाटतं की गर्दीच्या वेळी ही खटखट तपासण्याआधीच चावी लावली जाते, आणि चांगल्या ताणातले स्पोक उगाच हलवले जातात.

खटखट नाही, पण फट कमीजास्त होतेय, तर तो खरा आउट. तो बाजूला जातोय की वरखाली, हेही लक्षात ठेवा. बाजूचा आउट बहुतेक वेळा निघतो. वरखालीचा, त्यातही खड्ड्यात आपटून रिंग एका जागी आत चेपली असेल तर तो, क्वचितच पूर्ण निघतो.

रिंग

निकाल इथे लागतो, म्हणून इथे घाई करू नका.

बाजूने रबर दाबणारे ब्रेक असतील, तर रिंग हा ब्रेकचाच अर्धा भाग आहे. रबर झिजतं तशी रिंगही झिजते, फक्त रबर बदलायची आपल्याला आठवण राहते आणि रिंगची नाही. कोरड्या दिवसांत ही झीज संथ असते. पावसाळ्यात रस्त्यावरची वाळू, खोदकामाची माती, सिमेंटचा राडा हे सगळं चाकावर उडतं, रबरात रुतून बसतं आणि रबराची कानस होते. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर, पुणे शहर ५६० च्या आसपास. ओल्या रस्त्यावर गडाचा घाट ब्रेक धरून उतरताना जी करकर ऐकू येते, ती अ‍ॅल्युमिनियम खरवडलं जाण्याची. बोपदेव घाट आणि कात्रजचा जुना घाटही याबाबतीत मागे नाहीत. घरी आल्यावर ब्रेकची रबरं नीट बघा. त्यांत चांदीसारखे कण चमकत असतील तर ते तुमच्याच रिंगचे तुकडे आहेत. टाचणीने उकरून काढा आणि रबराचा वरचा थर पॉलिश पेपरने घासून टाका. यात पाच मिनिटं जातात आणि रिंगचं आयुष्य बरंच वाढतं.

झीज ओळखायची रीत सोपी आहे. नव्या रिंगवरची ब्रेकची पट्टी सपाट असते. झिजलेली बोटाला खोलगट लागते. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी तिच्यावर उभी टेकवून उजेडासमोर धरली की मधली पोकळी दिसते. बऱ्याच रिंगांवर झीज कळावी म्हणून गोल फिरणारी बारीक खाच किंवा एखादा खोल ठिपका दिलेला असतो. तो पुसला गेला की रिंग संपली. काही रिंगांत उलटं असतं, पुरेशी झीज झाल्यावर आतलं भोक उघडं पडतं. रिंगची बाजूची भिंत नवी असताना साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एक मिलिमीटरच्या आसपास आली की मी पुढे ओढत नाही. टायरमधली हवा ही भिंत सतत बाहेर ढकलत असते. भिंत पातळ झाली की कधीतरी ती फाटते, हवा भरताना फाटली तर नशीब, उतारावर फाटली तर विचारूच नका. अशा रिंगवर नवे स्पोक बसवून घेणं म्हणजे सरळ पैसे बुडवणं आहे.

दुसरी गोष्ट तडा. टायर, ट्यूब आणि आतली पट्टी काढून निपलच्या (स्पोक रिंगला धरणाऱ्या बारीक नटाच्या) प्रत्येक भोकाभोवती बघा, आतून आणि बाहेरून. केसाएवढी रेघ भोकापासून निघालेली दिसली तर रिंग बदलायची, मग ती कितीही सरळ फिरत असो. एकाच भोकाला तडा असला तरी हेच. हे बहुधा गरजेपेक्षा जास्त आवळल्याने होतं, म्हणजे "घट्ट केलंय, आता हलणार नाही" या कारागिरीचा हा परिणाम.

तिसरी गोष्ट, रिंग वाकलीय का. रस्त्याच्या पातळीखाली गेलेली ड्रेनेजची झाकणं आणि न रंगवलेले स्पीडब्रेकर यांच्या कृपेने पुण्यात ही पाळी कुणावरही येते, त्यात हवा कमी असेल तर हमखास. वाकलेली रिंग चावीने ओढून सरळ करता येते, गोची तिथेच आहे. म्हणून ही चाचणी करा: जिथे आउट आहे तिथले दोन्ही बाजूंचे सहा-आठ स्पोक थोडे थोडे सैल करा. ताण गेल्यावर रिंग आपोआप मध्याकडे आली, तर आउट स्पोकच्या ओढीचा होता आणि चाक वाचलं. ताण गेल्यावरही ती तशीच एका बाजूला राहिली, किंवा आणखी बाहेर गेली, तर धातूच वाकलाय. मग ती सरळ दिसावी म्हणून काही स्पोक अति आवळलेले आणि शेजारचे जवळजवळ लोंबते ठेवावे लागतात. असं चाक दुकानात सरळ फिरतं आणि रस्त्यावर थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येतं. सारखा आउट येणाऱ्या चाकांत हा प्रकार फार असतो.

डिस्क ब्रेकच्या सायकलीत रिंग ब्रेकने झिजत नाही, त्यामुळे तिथे फक्त तडा आणि वाक बघा. घरातली जुनी २८ इंची काळी सायकल असेल, रॉड ब्रेकची, तर तिचं रबर रिंगला बाजूने लागत नाही, हबकडच्या अंगाने लागतं. ती रिंग स्टीलची. तिला झिजेपेक्षा गंजाची भीती जास्त, आणि गंज निपलच्या भोकांपासून सुरू होतो. (अशा सायकली एकेकाळी पुण्यात घरोघरी होत्या. आता निवांत बघायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जावं.)

स्पोक कुठे तुटलाय, त्यावरून कारण कळतं

तुटलेला स्पोक फेकू नका. तो हबपाशी, वाकाजवळ तुटला असेल तर धातू थकून तुटलाय. मागच्या चाकात, साखळीच्या बाजूला, हेच सर्वांत जास्त दिसतं. निपलपाशी आट्यांवर तुटला असेल तर बहुधा निपल भोकात तिरका बसतोय किंवा स्पोक आखूड आहे. मध्येच तुटला असेल, किंवा वाकाजवळ ओरखडे असतील, तर कधीतरी साखळी मोठ्या चकतीवरून आत पडून तिने स्पोक खरवडलेत. तिथे स्पोक बदलण्याआधी मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) साखळी आत पडू न देणारा स्क्रू नीट लावून घ्या, नाहीतर नवीन स्पोकचीही तीच गत होईल.

धातू थकतो कसा, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. आपण सायकलवर बसतो तेव्हा जमिनीकडे असलेल्या स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, चाक पुढे गेलं की तो पुन्हा येतो. ७०० सी चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा, म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशेच्या आसपास फेरे. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्याचे रोज तीसेक किलोमीटर धरा, तर प्रत्येक स्पोक दिवसाला चौदा हजार वेळा सैल होऊन ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा चढउतार त्याच्या खिजगणतीत नसतो. ताण कमी असेल तर स्पोक दर फेऱ्याला पार ढिला पडतो, वाकाजवळ हलत राहतो आणि त्याची निपलही हळूहळू उलगडते. म्हणजे जास्त आवळल्याने रिंग तडकते, पण स्पोक मात्र बहुतेक वेळा सैल राहिल्यामुळे तुटतात. हे ऐकून पुष्कळांना पटत नाही.

जुन्या चाकाचा पहिलाच स्पोक तुटला असेल तर एक बदला, ताण तपासून घ्या आणि विसरून जा. थोड्या थोड्या अंतराने त्याच बाजूचा दुसरा, तिसरा तुटत असेल, तर एकेक बदलत बसू नका. उरलेले स्पोकही तेवढेच फेरे फिरलेत. रिंग आणि हब चांगले असतील तर त्या बाजूचे सगळे, शक्य झालं तर दोन्ही बाजूंचे सगळे स्पोक आणि निपल नवे घालून चाक पुन्हा बांधून घ्या. स्पोकची लांबी वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. एकदोन मिलिमीटरची चूकही नडते, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक जुना स्पोक नमुना म्हणून घेऊन जा. मागच्या चाकात दोन बाजूंची लांबी वेगळी असू शकते.

आउट परत का येतो

समजा रिंग सरळ आहे, तडा नाही, स्पोक तुटलेला नाही, आणि तरी आउट आठवड्यात परत. याची दोन कारणं मला पुन्हा पुन्हा दिसतात.

एक म्हणजे नुसतं आवळत जाणं. रिंग उजवीकडे गेली की तिथले डावीकडचे स्पोक आवळायचे, हे खरं. पण त्याच जागचे उजवीकडचे आधीच फार ताणलेले असतील तर त्यांना सोडायला हवं. सोडायला वेळ लागतो, आवळायला लागत नाही. दरवेळी आवळत गेलं की काही स्पोक अति कडक, काही सैल, आणि चाक वरखाली उडायला लागतं. घरी तपासायचं असेल तर चाकाच्या एकाच बाजूच्या स्पोकांवर नखाने टिचक्या मारत जा. सगळ्यांचा सूर साधारण जवळपास हवा. एखादा बद्द वाजला तर तो सैल. डाव्या बाजूची उजवीशी तुलना मात्र करू नका. मागच्या चाकात चकत्यांना जागा द्यायला रिंग हबच्या मानाने उजवीकडे सरकवलेली असते, त्यामुळे उजवे स्पोक जास्त ताणाचे आणि डावे कमी ताणाचे असणं योग्यच आहे. ताणमापक असलेल्या दुकानात विचाराल तर साखळीच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलोच्या आसपासचे आकडे ऐकू येतील. रिंगच्या कंपनीने मर्यादा दिली असेल तर ती पाळायची.

दुसरं कारण पीळ. निपल फिरवताना, विशेषतः ती गंजलेली किंवा कोरडी असेल तर, स्पोकही तिच्यासोबत थोडा पिळला जातो. स्टँडवर चाक सरळ दिसतं. मग आपण सायकलवर बसतो, पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये चाकातून टिंग टिंग आवाज येतात आणि ते पीळ सुटतात. त्याबरोबर काढलेला आउटही परत येतो. उपाय जुनाच आहे: आधी प्रत्येक निपलवर तेलाचा थेंब, मग पाव पाव फेऱ्याने काम, प्रत्येक वेळी किंचित जास्त फिरवून तेवढंच मागे आणायचं, आणि शेवटी समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या दोन्ही हातांनी करकचून दाबून चाक पुन्हा बघायचं. हातमोजे घाला. हे दाबण्याचं काम केलंच जात नाही, आणि आउट परत येण्यामागे तेच जास्त वेळा असतं.

स्वतः करणार असाल तर एक सूचना. टायरच्या बाजूने निपलकडे बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतं. उलट्या सायकलवर हबकडून बघताना हीच दिशा उलटी दिसते, तिथे गोंधळ होतो. दुकानात देणार असाल तर "आउट काढा" एवढंच म्हणू नका. "काका, ताण सारखा करून द्या, घाई नाही, उद्या नेतो" असं म्हणा. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे.

निपलचे कोपरे झिजून चावी घसरत असेल, किंवा तेल घालूनही निपल हलत नसेल, तर ते चाक तसंही सगळे स्पोक कापून बांधावं लागणार आहे. मग प्रश्न थेट पैशांचा होतो.

हब थोडक्यात

चाक काढून अ‍ॅक्सल दोन बोटांनी फिरवा. खरखर लागली तर खोलून, रॉकेलने धुऊन, नवे छर्रे आणि ग्रीस. पावसाळ्यानंतर हे करावंच. मागच्या चाकात बहुधा पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. कोनावर खड्डे पडले असतील तर कोन बदलता येतो. छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीला खड्डे पडले असतील तर साध्या हबची वाटी सहसा बदलून मिळत नाही, तिथे हब गेला. अ‍ॅक्सल वारंवार वाकत असेल आणि तुमच्याकडे फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी चढणारा सहा-सात चकत्यांचा संच, असेल, तर ती त्या रचनेचीच मर्यादा आहे: उजव्या बाजूला बेअरिंग आत राहतं आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार सामान किंवा वजनदार स्वार असेल तर कॅसेटचा (चकत्या आट्यांवर न चढवता सरकवून बसवायचा) हब असलेलं चाक घेणं पुढे स्वस्त पडतं.

मग ठरवायचं कसं

साधी रिंग, साधा हब, कारखान्यात मशीनवर बांधलेलं चाक: रिंग गेली तर पूर्ण चाक घ्या. नवी रिंग, छत्तीस स्पोक आणि बांधायची मजुरी मिळून बहुतेक वेळा तयार चाकाच्या वर जाते. हब चांगला, म्हणजे सीलबंद बेअरिंगचा किंवा नीट जपलेला असेल, तर उलट करा. हब ठेवा, त्यावर रिंग आणि स्पोक नवे घाला. हाताने नीट बांधलेलं चाक कारखान्याच्या चाकापेक्षा जास्त दिवस सरळ राहतं, असा माझा अनुभव आहे. फक्त बांधणारा तसा हवा. मधल्या प्रकरणांत, दुरुस्तीचा खर्च तयार चाकाच्या निम्म्यावर गेला आणि हबही सामान्य असला, तर मी दुरुस्ती करत नाही.

काळ्या सायकलीला हा हिशोब लागू नाही. तिची रिंग पेठांमधल्या जुन्या दुकानांत मिळते, बांधणारेही अजून आहेत, आणि तिचा जुना हब आजच्या स्वस्त हबपेक्षा बहुधा चांगलाच असतो. तिथे रिंगच बदला. भोकं मात्र मोजून जा: या सायकलींत पुष्कळदा मागे ४० आणि पुढे ३२ स्पोक असतात, ३६ भोकांची रिंग तिथे चालत नाही.

चाक घ्यायला जाताना टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा टिपून न्या. "सव्वीस इंची" म्हणून भागत नाही, कारण ५५९ आणि ५९० ही दोन्ही मापं सव्वीस इंची म्हणूनच विकली जातात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ६२२ म्हणजे ७०० सी, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची, ६३५ म्हणजे ती काळी २८ इंची. मागे फ्रेमच्या दोन कानांमधलं (जिथे चाक बसतं तिथलं) अंतर मोजा, १३० की १३५ मिलिमीटर. फ्रीव्हील की कॅसेट, रिंग ब्रेक की डिस्क, तेही सांगा. व्हॉल्व्हचं भोकही बघा. बारीक व्हॉल्व्हच्या रिंगला साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं आणि साध्या, मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हला साडेआठ लागतं.

नवं चाक बसवल्यावर सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर ताण एकदा तपासून घ्या, पहिला पीळ आणि बैठक तेव्हा सुटते. आणि जुन्या चाकावरचं फ्रीव्हील चांगलं असेल तर स्पोक कापण्याच्या आधी ते काढून घ्या. फ्रीव्हील पेडल मारून मारून आट्यांवर घट्ट बसलेलं असतं. ते सोडवायला पूर्ण चाकाचा घेर हातात लागतो. स्पोक कापून नुसता हब हातात आला, की धरायला काही उरत नाही.